किट मागवण्याआधी

प्रिय विद्यार्थिनी,

सप्रेम आशीर्वाद. घरी लाळ घेऊन करायच्या जनुकीय चाचणीचं किट मागवू का, असं विचारलंस. पूर्वज कुठले, एवढंच कुतूहल असेल तर खुशाल मागव. कोणत्या प्रदेशाचा वाटा किती टक्के, हे कंपनीकडच्या संदर्भ-नमुन्यांवर, म्हणजे मूळ प्रदेश माहीत असलेल्या लोकांच्या नमुन्यांवर ठरतं, त्यामुळे दोन कंपन्यांचे आकडे जुळले नाहीत तर नवल नाही. लाळ देण्याआधी अर्धा तास खाणंपिणं बंद. फेस सोडून नुसती लाळ खुणेपर्यंत भरायची.

मावशीच्या स्तनाच्या कर्करोगाची धास्ती असेल, तर मात्र त्या कामाचं हे किट नव्हे. अशी बहुतेक किटं अख्खं जनुक वाचत नाहीत, डीएनएतल्या काही लाख ठरावीक जागा तेवढ्या पाहतात. २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेनं ट्वेंटीथ्री-अँड-मी या किट विकणाऱ्या कंपनीला बीआरसीए१ आणि बीआरसीए२ या स्तनाच्या कर्करोगाशी निगडित जनुकांच्या चाचणीची परवानगी दिली ती तीनच बदलांपुरती, आणि तेही मुख्यतः अश्केनाझी, म्हणजे मध्य व पूर्व युरोपीय वंशाच्या ज्यूंमध्ये आढळणारे. या दोन जनुकांत घातक बदल हजारांवर आहेत. तुझ्या अहवालात ‘आढळला नाही’ आलं, तरी त्यावर निर्धास्त राहण्यासारखं काही नाही.

उलटही होतं. रॉ डेटा, म्हणजे किटमधून निघालेली कच्ची जनुकीय माहिती, उतरवून भलत्याच संकेतस्थळावर टाकला की भयंकर काहीतरी निघतं. २०१८ च्या एका अमेरिकी अभ्यासात अशा डेटातले ४० टक्के बदल प्रयोगशाळेच्या फेरतपासणीत खोटे ठरले. म्हणून पहिली चाचणी मावशीची, जनुकीय समुपदेशकाच्या सल्ल्यानं, रक्तावर पूर्ण सिक्वेन्सिंग, म्हणजे अख्ख्या जनुकाचं वाचन करून. तिच्यात बदल सापडला, तर तुझ्यात नेमका तोच शोधायचा. मग ‘नाही’ या उत्तराला अर्थ येतो.

लग्नाआधी थॅलेसेमिया हा रक्ताचा आनुवंशिक आजार पाहायचा तर साधी एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी रक्ततपासणी कर. त्यातला एचबीए२ हा हिमोग्लोबिनचा प्रकार साडेतीन टक्क्यांवर गेला की वाहक असण्याचा संशय. लोह कमी असेल तर हा आकडा खोटा खाली दिसतो, म्हणून शरीरातला लोहाचा साठा सांगणारं फेरिटिनही बघ. सिकलसेलचं वाहकपणही त्याच तपासणीत कळतं; माहेर विदर्भाचं किंवा नंदुरबारकडचं असेल तर हे टाळू नकोस. तू आणि होणारा नवरा दोघंही एकाच आजाराचे वाहक असाल, तर दर गरोदरपणी बाळाला आजाराची शक्यता २५ टक्के.

तरीही किट घेतलंसच, तर पासवर्ड वेगळा ठेव. २०२३ मध्ये त्याच ट्वेंटीथ्री-अँड-मीमधून सुमारे ६९ लाख लोकांची माहिती फुटली, त्याची सुरुवात इतरत्र वापरलेल्या पासवर्डांनी झाली. मार्च २०२५ मध्ये तिनं दिवाळखोरीचा अर्ज केला. संशोधनाच्या संमतीची खूण काढून टाक, नमुना नष्ट करायला सांग. कंपनी दाखवते ती जवळच्या नात्यांची यादी उघडण्याआधी मात्र आईवडिलांशी बोल. त्यात कधी कधी सावत्र भावंडं निघतात.

येताना मावशीचा बायोप्सीचा रिपोर्ट आण. आजोळी कुणाला, कितव्या वर्षी, कोणता कर्करोग झाला तेही लिहून आण. मामांना वगळू नकोस, बीआरसीएतला बदल पुरुषांकडूनही पुढे जातो.