प्रायमरीत एकाला मत, नोव्हेंबरमध्ये दुसऱ्याला

प्रश्न : माझा भाचा अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यात नोकरीला आहे. त्याच्या शेजारच्या निवृत्त खाणकामगाराने २०१६ साली डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रायमरीत (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत) बर्नी सँडर्स यांना मत दिले आणि नोव्हेंबरमध्ये अध्यक्षपदासाठी डोनाल्ड ट्रम्प यांना. एका पक्षाचा उमेदवार ठरवायला जायचे आणि निवडून मात्र दुसऱ्या पक्षाला द्यायचे, ही फसवणूक नव्हे काय? की हा नाराजीचा भाग होता? असे मतदार नसते तर सँडर्स यांना हरवून पक्षाच्या उमेदवार झालेल्या हिलरी क्लिंटन जिंकल्या असत्या का?
– एक वाचक, शहादा (जि. नंदुरबार)

उत्तर : ‘फसवणूक’ हा शब्द आपल्या मनात येतो, कारण उमेदवार ठरवणे हे पक्षाच्या माणसांचे काम अशी आपली समजूत आहे. आपल्याकडे एबी फॉर्म, म्हणजे पक्षाची अधिकृत उमेदवारी, कोणाला द्यायचा हे मुंबईत किंवा दिल्लीत ठरते. शहाद्याच्या मतदाराला त्याबाबत कोणी विचारत नाही. अमेरिकेत हा निर्णय सामान्य मतदार करतो. काही राज्यांत त्यासाठी मतदार नोंदणीच्या अर्जावर पक्षाचे नाव लिहावे लागते, पण त्याला ना वर्गणी असते ना शपथ. मिशिगन आणि विस्कॉन्सिन या राज्यांत तर तेवढीही नोंद नसते. त्या दिवशी ज्या पक्षाच्या प्रायमरीत भाग घ्यावासा वाटेल, त्या पक्षासाठी मत द्यावे. त्यामुळे प्रायमरीत मत देणारा प्रत्येक जण त्या पक्षाचा कार्यकर्ता असतो, असे गृहीत धरणेच चुकीचे आहे.

आपल्या भाच्याच्या शेजाऱ्याचे राज्य याचे उत्तम उदाहरण आहे. वेस्ट व्हर्जिनियात २०२१ सालापर्यंत नोंदणीकृत डेमोक्रॅट मतदारांची संख्या रिपब्लिकनांपेक्षा जास्त होती आणि तरीही २००० सालापासून अध्यक्षपदासाठी हे राज्य प्रत्येक वेळी रिपब्लिकन उमेदवाराच्या मागे उभे राहिले. कोळसा खाणी आणि कामगार संघटना यांच्या काळात वाडवडिलांनी केलेली नोंदणी पुढच्या पिढीने तशीच ठेवली. शिवाय गावपातळीवरील अनेक पदांचा खरा निकाल बराच काळ डेमोक्रॅटिक प्रायमरीतच लागत असल्याने ती बदलण्याची निकड कोणाला वाटली नाही. या मतदारांचे मन पक्षापासून किती दूर गेले होते, हे २०१२ साली दिसले : तेथील डेमोक्रॅटिक प्रायमरीत, तेव्हाचे अध्यक्ष बराक ओबामा यांच्याविरुद्ध टेक्सासच्या तुरुंगात शिक्षा भोगणाऱ्या एका कैद्याने सुमारे ४१ टक्के मते घेतली. (आपल्याकडे लोकसभा-विधानसभेला ‘नोटा’ला इतके यश अजून लाभलेले नाही.) पुढे मार्च २०१६ मध्ये क्लिंटन यांनी, कोळशाच्या कंपन्या आणि खाणकामगार यांचा धंदा बंद होणार, अशा अर्थाचे विधान केले. त्यांचे म्हणणे या कामगारांना पर्यायी रोजगार देण्याविषयीचे होते. पण गाजला तो पहिला अर्धा भाग. मे महिन्यातील प्रायमरीत सँडर्स यांनी राज्यातील सर्वच्या सर्व ५५ काउंटी (जिल्ह्यासारखे विभाग) जिंकल्या आणि नोव्हेंबरमध्ये ट्रम्प यांना तेथे ६८ टक्क्यांहून अधिक मते मिळाली. तेव्हा तो शेजारी नोव्हेंबरमध्ये पक्ष सोडून गेला असे म्हणण्यापेक्षा, तो बहुधा बऱ्याच वर्षांपूर्वी गेलेला होता आणि नाव तेवढे मागे राहिले होते, असे म्हणणे वस्तुस्थितीला अधिक धरून होईल.

नाराजीचा वाटा नसतोच असे नाही. २००८ साली प्रायमरीत ओबामांकडून हरलेल्या क्लिंटन यांच्या समर्थकांपैकी सुमारे एक चतुर्थांश लोकांनी शेवटी रिपब्लिकन जॉन मॅकेन यांना मत दिल्याचे एका अभ्यासात आढळले. परंतु त्या अभ्यासकांचा निष्कर्षही असाच होता की, प्रायमरीतील कटुतेपेक्षा इराक युद्धासारख्या प्रश्नांवरील मते अधिक निर्णायक ठरली. आपल्या भागातील ताजा अनुभवही आठवून पाहावा. जून २०२४ च्या निकालात नंदुरबार लोकसभा मतदारसंघाने काँग्रेसच्या गोवाल पाडवी यांना दीड लाखाहून अधिक मताधिक्याने निवडून दिले आणि नोव्हेंबरमध्ये त्याच मतदारसंघातील सहापैकी पाच विधानसभा जागा महायुतीकडे गेल्या, काँग्रेसकडे एकटे नवापूर राहिले. उमेदवार बदलले, प्रश्न बदलला, तसे मतही बदलले; त्याला शहाद्यात कोणी फसवणूक म्हटले नसावे.

एक फरक मात्र लक्षात घेण्याजोगा आहे. आपल्याकडे तिकीट कापले गेले की इच्छुक अपक्ष उभा राहतो आणि नाराज मते त्याच्या चिन्हावर जमा होतात. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत प्रायमरी हरलेल्या उमेदवाराला त्याच पदासाठी पुन्हा अपक्ष किंवा दुसऱ्या पक्षातर्फे उभे राहण्यास कायद्याने मज्जाव आहे. कनेक्टिकट त्याला अपवाद. तेथे २००६ साली सिनेटर जो लिबरमन डेमोक्रॅटिक प्रायमरीत हरले, स्वतंत्रपणे लढले आणि बऱ्याच रिपब्लिकनांच्या मतांवर निवडूनही आले. इतरत्र बंडखोर उमेदवारच उपलब्ध नसल्यामुळे, ज्याला बंड करायचे आहे त्या मतदारापुढे घरी बसणे, लहान पक्ष किंवा थेट समोरचा पक्ष, एवढेच मार्ग उरतात.

आता शेवटचा प्रश्न. एका मोठ्या सर्वेक्षणानुसार सँडर्स यांच्या प्रायमरीतील मतदारांपैकी साधारण १२ टक्के ट्रम्प यांच्याकडे गेले. एकूण निकाल ज्या तीन राज्यांवर फिरला, त्यांत ट्रम्प यांनी मिशिगन १०,७०४, विस्कॉन्सिन २२,७४८ आणि पेनसिल्व्हेनिया सुमारे ४४ हजार मतांनी जिंकले आणि या तिन्ही राज्यांत अशा मतदारांची अंदाजित संख्या त्या फरकाहून मोठी होती. मात्र यावरून ‘ते नसते तर’ असे गणित मांडताना, हे सगळे मूळचे क्लिंटन यांचेच मतदार होते असे आपण धरून चालतो, आणि वर पाहिले त्याप्रमाणे त्यांतील अनेक जण तसे नव्हते. शिवाय २००८ साली गळती याहून मोठी असूनही ओबामा सहज जिंकले होते. भाच्याच्या शेजाऱ्यापुरते बोलायचे, तर त्याच्या राज्यात ट्रम्प आणि क्लिंटन यांच्यातील अंतर ४० टक्क्यांहून अधिक होते. त्याचे मत कोणत्याही पारड्यात पडले असते तरी तेथील निकाल तोच राहिला असता.