‘७० टक्के पाऊस’ आणि कोरडा पर्जन्यमापक

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. मोबाइलवरच्या तीन ॲपपैकी खरं कोणतं? ७० टक्के पाऊस दाखवला म्हणून फवारणी पुढे ढकलली तर थेंबही पडला नाही आणि २० टक्क्यांच्या दिवशी औषध धुऊन गेलं, असं का? आणि हंगामाचा अंदाज ‘सरासरीपेक्षा जास्त’ आलाय, तर पेरणी आधीच उरकून घ्यावी का?

पहिल्याचं उत्तर ऐकून हिरमोड होईल. तिन्ही ॲप आपापल्या जागी बरोबर असू शकतात, पण तुमच्या जमिनीबद्दल त्यांतलं एकही बोलत नाही. हवामानाचं गणित पृथ्वीवर चौकोन आखून होतं. जगभराच्या प्रारूपांत, म्हणजे संगणकावर मांडलेल्या अशा गणितांत, एका चौकोनाची बाजू साधारण ९ ते २५ किलोमीटर असते. त्या चौकोनातली टेकडी, ओढा, गावठाण, तुमचा खोलगट तुकडा, सगळ्यांना मिळून एकच उंची आणि एकच तापमान. ॲप मग त्यातून तुमच्या ठिकाणचा आकडा अदमासाने काढतं आणि ‘दुपारी ३ वाजता २९ अंश’ असं ठामपणे लिहितं. त्या ठामपणावर जाऊ नका. गडगडाटी ढगाचा पट्टा कधी कधी चार-पाच किलोमीटरच रुंद असतो, म्हणजे चौकोनापेक्षाही लहान. तो बांधाच्या अलीकडे बरसेल की पलीकडे, हे आदल्या दिवशी कोणीच सांगू शकत नाही. दीड-दोन तास आधी रडारचं चित्र बघितलंत तर मात्र बरंच कळतं. अशा दिवसांत मी ॲप बंद करतो आणि रडार उघडतो.

टक्क्यांचं म्हणाल तर ७० टक्के म्हणजे ‘७० टक्के भागात पाऊस’ नव्हे, ‘दिवसातला ७० टक्के वेळ पाऊस’ तर नव्हेच. अशी परिस्थिती असलेले दहा दिवस घेतले तर त्यांतल्या साधारण सात दिवशी तुमच्या ठिकाणी मोजता येण्याजोगा पाऊस पडेल, एवढाच त्याचा अर्थ. मोजता येण्याजोगा म्हणजे किती? बहुतेक ठिकाणी ०.१ ते ०.२५ मिलिमीटर, म्हणजे जेमतेम फरशी ओली. तो आकडा प्रमाणाबद्दल काहीच सांगत नाही. ९० टक्के शक्यता आणि दोन मिलिमीटर भुरभुर हा एक दिवस झाला, ३० टक्के शक्यता आणि पडलाच तर चाळीस मिलिमीटर हा दुसरा. फवारणीला दुसरा जास्त घातक, पण ॲपवरचं चित्र पहिल्याच दिवशी काळंकुट्ट दिसतं. तुमचा २० टक्क्यांचा दिवस बहुधा याच जातीचा होता. आणि दहांतल्या त्या उरलेल्या तीन दिवसांपैकी एक तुमच्या वाट्याला आला, तर त्याला चूक म्हणता येत नाही. चूक आहे की नाही हे शंभर दिवसांचा हिशेब मांडल्यावरच कळतं.

म्हणून माझा आग्रह एकच: स्वतःचा हिशेब मांडा. सरळ भिंतीचं, सपाट बुडाचं भांडं आणि एक पट्टी पुरे. भांड्यात दहा मिलिमीटर पाणी साठलं की दहा मिलिमीटर पाऊस झाला, भांड्याचं तोंड लहान असो वा मोठं. भिंत किंवा झाड जितकं उंच, त्याच्या किमान दुप्पट अंतरावर भांडं ठेवा आणि रोज सकाळी ठरलेल्या वेळी मोजून ओतून द्या. वहीत चार रकाने करा: अंदाजातली शक्यता, अंदाजातला पाऊस, प्रत्यक्ष पाऊस, किमान तापमान. दोन महिन्यांत तुमच्या जागेची खोड कळते. माझ्या वहीत आकाश निरभ्र आणि वारा पडलेला अशा रात्री खालच्या कोपऱ्यातलं तापमान अंदाजापेक्षा तीन अंशांनी कमी निघतं. ढगाळ रात्री तोच कोपरा अंदाजाशी तंतोतंत जुळतो. हे मला कुठलंही ॲप सांगणार नव्हतं.

तो कोपरा थंड का, हे थोडं सविस्तर सांगतो, कारण थंडीचा फटका याच हिशेबात बसतो. हवामान केंद्राचं तापमान जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर, सावलीच्या पेटीत मोजलेलं असतं. निरभ्र, शांत रात्री जमीन आपली उष्णता आकाशात सोडते आणि गवताच्या पातळीवरची हवा त्या पेटीपेक्षा तीन-चार अंशांनी, कधी त्याहूनही जास्त थंड होते. म्हणजे अंदाजात ३ अंश दिसले तरी रोपाच्या पानावर शून्य असू शकतं. थंड हवा जड असते, ती पाण्यासारखी उतारावरून वाहते आणि खोलगटात किंवा भिंतीआड साचते. खालच्या बाजूला दाट कुंपण असेल तर त्यात फट ठेवा, म्हणजे ती वाहून जाईल. ओली माती दिवसा उष्णता जास्त साठवते आणि रात्री वर सोडते, म्हणून आदल्या दिवशी पाणी द्यावं. उलट पेंढ्याचं कोरडं आच्छादन मातीची ऊब खालीच अडवतं आणि वरचं रोप जास्त गारठतं. आच्छादन सगळ्याच ऋतूंत चांगलं, हा समज इथे नडतो. झाकायचं तर कापड जमिनीपर्यंत टेकवा, कारण आपल्याला जमिनीची ऊबच आत धरायची आहे.

संध्याकाळी एक आकडा बघून ठेवा: दवबिंदूचं तापमान, म्हणजे हवा जितकी थंड झाली की तिच्यातल्या बाष्पाचं दव होऊ लागतं ते तापमान. सापेक्ष आर्द्रता, म्हणजे त्या तापमानाला हवेत मावेल त्याच्या किती टक्के बाष्प आहे तो आकडा, फसवी असते. सकाळी २० अंशांना ९० टक्के असलेली हवा दुपारी ३२ अंशांवर गेली की तेवढ्याच बाष्पाला जेमतेम ४४ टक्के दाखवते. हवेतली ओल तीच, आकडा निम्मा. दवबिंदू मात्र दोन्ही वेळा १८ अंशांच्या आसपासच राहतो. पहाटेचं किमान तापमान दवबिंदूपाशी पोचणार असेल तर दव नक्की, पानं ओली, आणि बुरशीला आमंत्रण. रोगाचे अंदाज याच ओलीच्या तासांवर बांधतात. ब्रिटनमध्ये बटाट्याच्या उशिराच्या करप्यासाठी २०१७पासून वापरात असलेला निकष सोपा आहे: लागोपाठ दोन दिवस किमान तापमान १० अंश किंवा जास्त, आणि दोन्ही दिवशी किमान सहा तास आर्द्रता ९० टक्के किंवा जास्त. इतर पिकांना आकडे वेगळे लागतात, पण विचार असाच करायचा.

आता फवारणी. ‘पाऊस येईल का’ याच्याआधी ‘चुकलं तर काय जाईल’ हे विचारा. रोग नाही, घाई नाही, मग ३० टक्क्यांनाही थांबायला हरकत नाही. पण पुढचे तीन दिवस पानं ओलीच राहणार असतील, तर पानावर थर धरून राहणारं प्रतिबंधक बुरशीनाशक पावसाच्या आधीच बसायला हवं. लेबलवर लिहिलेत तेवढे कोरडे तास मिळत असतील, तर ६० टक्के शक्यता असतानाही मी फवारतो. दुसरं म्हणजे वारा अजिबात नसणं हीही चांगली वेळ नव्हे. पहाटे आणि सूर्यास्ताच्या सुमारास जमिनीलगत थंड हवा आणि वर गरम हवा अशी स्थिती होते. त्यात बारीक थेंब खाली न बसता तरंगत शेजारच्या पिकावर जातात. लांबचा धूर थोडा वर चढून आडवा पसरताना दिसला की पंप खाली ठेवायचा. मंद, एका दिशेचा वारा सगळ्यांत बरा.

पाण्याचा हिशेब तोंडी करता येतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर, एकरावर चार हजार लिटर. ऐकायला भरपूर वाटतं, पण तापलेल्या, वाऱ्याच्या दिवशी पीक आणि माती मिळून सहा-सात मिलिमीटर उडवतात. पाच मिलिमीटरची सर म्हणजे एका दिवसाचीही तरतूद नाही. गच्चीवर कुंड्या असलेल्यांनी तर जास्तच सावध राहावं. तीस सेंटिमीटर तोंडाच्या कुंडीत दहा मिलिमीटर पावसाने फक्त ७०० मिली पाणी पडतं, तेही पानांची छत्री नसेल तर. रात्री पाऊस झाला म्हणून सकाळी पाणी न देणं, हे कुंडीतली झाडं सुकण्याचं नेहमीचं कारण. बोट दोन पेरं खुपसून बघा.

दहाव्या दिवसाचा अंदाज पाहून कामाची आखणी करणाऱ्यांसाठी एक जुनी गंमत. १९६१ मध्ये अमेरिकी हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांनी संगणकावर हवामानाचं गणित मधूनच पुन्हा सुरू केलं. ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ टाइप केलं, आणि थोड्या वेळाने दोन्ही हवामानांचा एकमेकांशी काही संबंध उरला नाही. म्हणूनच आता एकाच दिवसाचं गणित किंचित वेगवेगळ्या सुरुवातींनी अनेकदा करतात. ती सगळी उत्तरं जवळपास असतील तर भरवसा, विखुरली असतील तर नाही. मी तीन दिवसांपर्यंत काम ठरवतो, पाच-सहा दिवसांपर्यंत तयारी करतो, त्यापुढचं नुसतं वाचतो.

हंगामाचा अंदाज ही तर निराळीच जात. त्यात सहसा कमी, सरासरी, जास्त असे तीन भाग असतात आणि काहीच माहीत नसतं तेव्हा प्रत्येकाला ३३ टक्के मिळतात. ‘जास्त’ला ४५ टक्के मिळाले की बातमीचा मथळा होतो, पण याचाच अर्थ ‘जास्त नाही’ला ५५ टक्के आहेत. एल निनो, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा तापणं, आला की भारतात सहसा पाऊस कमी होण्याची भीती असते. १९९७ मध्ये तो अतिशय तीव्र होता, तरी भारतात मान्सूनचा पाऊस सरासरीइतका झाला. शिवाय हा आकडा मोठ्या प्रदेशाच्या पूर्ण हंगामाचा. त्यात पेरणीनंतर तीन आठवड्यांची उघडीप बसली तरी तो खराच ठरतो.

तेव्हा त्यावर बियाणं किती आणि कोणत्या मुदतीचं घ्यायचं हे ठरवा, पेरणीची तारीख ठरवू नका. तारखेसाठी वीतभर खोल खणून मूठभर माती दाबा. गोळा झाला आणि अंगठ्याने टोचल्यावर फुटला तर वाफसा आहे. गोळाच होत नसेल तर ओल वरवरची आहे, थांबा. चिकटून राहिला तर औतही नको. मग त्याच वेळी पुढच्या पाच दिवसांचा अंदाज उघडा.