ड्रायव्हरच नाही, मग शर्यतीत बघायचं काय?

गाडीत माणूसच नसेल तर विद्यापीठांच्या संघांची अशी शर्यत बघण्यात काय राम, असं तुम्ही विचारलंय. एप्रिल २०२४ मध्ये अबुधाबीच्या यास मरीना ट्रॅकवर झालेली विनाचालक गाड्यांची शर्यत मी नागपुरात घरी बसून बाबांसोबत पाहिली. बाबा एसटीत चालक होते, सगळी नोकरी गडचिरोलीकडच्या रस्त्यांवर गेली.

गाड्या सगळ्यांच्या सारख्याच, जपानच्या सुपर फॉर्म्युला या शर्यतींच्या मालिकेतल्या. ड्रायव्हरच्या जागी संगणक, अंगावर कॅमेरे, रडार आणि लेझरनं अंतर मोजणारं लायडार. म्हणजे चुरस खरी प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मुलांमध्ये. अंतिम शर्यतीत चार गाड्या होत्या. मधेच एक गाडी गिरकी खाऊन थांबली, धोक्याचा इशारा देणारा पिवळा झेंडा लागला आणि मागून येणाऱ्या गाड्याही ट्रॅकवरच उभ्या राहिल्या. पिवळ्या झेंड्यात ओव्हरटेक करायचं नाही, हा नियम त्यांना दिलेला. बंद पडलेल्या गाडीला वळसा घालणंही त्यांच्या लेखी ओव्हरटेकच!

मी हळहळलो. बाबा म्हणाले, "थांबली ना ते, मंग चुकली कुठी?" थोड्या वेळानं स्वतःच म्हणाले, "पन पुढचा ट्रक बंद पडला असन तं बाजूनं काढाच लागते. हे त्याईले कोनी सांगतलंच नसन."

अगदी हेच. बाबांना हे कुणी शिकवलं नव्हतं, घाटात गाडी चालवता चालवता ते हातात आलं. त्या मुलांना मात्र अशी प्रत्येक गोष्ट आधी सुचावी लागते, मग लिहावी लागते. त्या रात्री म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाचा संघ जिंकला, पण माझ्या डोक्यात राहिल्या त्या उभ्या गाड्या. त्यांना हसणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. २००४ साली अमेरिकेतल्या मोहावी वाळवंटात सुमारे २२८ किलोमीटरची अशीच शर्यत होती. सर्वांत पुढे गेलेली कार्नेगी मेलन विद्यापीठाची गाडी १२ किलोमीटरच्या आतच अडकली. अकोल्याला निघालेली गाडी वाडी ओलांडून बंद पडावी, तसं. पुढच्याच वर्षी पाच गाड्यांनी तिथली शर्यत पूर्ण केली आणि स्टॅनफर्डची पहिली आली.

चालकांच्या पोटाचं काय, हा प्रश्न आमच्या घरातला आहे. विनाचालक गाड्या भारतात येऊ देणार नाही, असं गडकरी डिसेंबर २०२३ मध्ये नागपुरातच आयआयएमच्या कार्यक्रमात म्हणाले होते. बाबांना ते पटलं, मलाही पटतं. तरी ही शर्यत आम्ही दोघांनी शेवटपर्यंत जागून पाहिली, कारण गाडी चालवणं म्हणजे नेमकं काय काय असतं, ते तिथं उघडं दिसतं.

रेकॉर्डिंग बघाल तेव्हा गाड्या थांबतात तो भाग पुढे ढकलू नका.