चिलर न घेता नागपुरात घरी कोरल ठेवता येतील का?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: त्रिमूर्तीनगरात सगळ्यात वरच्या मजल्यावर घर, तीन फुटी टाकी, आजवर गप्पी आणि एंजल हे गोड्या पाण्यातले मासे पाळून झालेत, आता खारं पाणी आणि कोरल, म्हणजे प्रवाळ, हवेत. चिलर, म्हणजे टाकीचं पाणी गार करणारं यंत्र, परवडत नाही. दिवाळीत मालवणला जाताय, तर तिथून दगड आणि समुद्राचं पाणी आणावं का, हेही विचारलंय. मी प्रतापनगरात अशी टाकी ठेवतो. चिलर नाही, टाकी सुरू आहे.

आधी मालवणचा दगड डोक्यातून काढा. 2001 पासून खडकासारखा सांगाडा बनवणारे सगळे कोरल वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या अनुसूची 1 मध्ये आहेत. म्हणजे कायद्याच्या लेखी ते वाघाच्या रांगेत बसतात. काळं कोरल, फायर कोरल, ऑर्गन पाइप कोरल, समुद्रपंखा, सगळे समुद्री घोडे, समुद्री काकड्या यांचंही तेच. गुन्हा सिद्ध झाला तर तीन ते सात वर्षांची कैद. किनाऱ्यावर सापडलेला मेलेला पांढरा तुकडासुद्धा त्याच प्राण्याचा सांगाडा असतो, त्यामुळे ‘मेलेलाच होता’ ही सबब चालत नाही. दुकानात ‘लाइव्ह रॉक’ म्हणून जे समुद्री जीव चिकटलेले दगड मिळतात, त्यांच्याबद्दल विचारा की हे आले कुठून. रामेश्वरम, मंडपमकडचं नाव आलं तर उठून चालू लागा. त्या पट्ट्यातली बेटं 1986 पासून मन्नारच्या आखाताचं सागरी राष्ट्रीय उद्यान आहेत.

मग टाकीत ठेवायचं काय? सिरॅमिकचे दगड, आणि कोरल मऊ जातीचे: झोअँथिड, मशरूम, लेदर, ग्रीन स्टार पॉलिप. हे खडक बांधणारे नाहीत आणि त्या यादीत येत नाहीत. परदेशातून आणलेले कडक, म्हणजे खडक बांधणारे, कोरल विकणारे भेटतील. त्यांच्याकडे आयातीचा सायटिस परवाना (दुर्मिळ जिवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचा) आणि केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवरच्या नोंदीचा कागद मागून बघा, दुकानाचं बिल म्हणजे कागद नव्हे. माझं मत विचाराल तर कडक कोरलच्या वाटेला जाऊच नका. ते नागपुरात गरमीनेही आधी मरतात.

आता गरमी. सगळे विचारतात, ‘मे महिन्यात काय करता?’ मेमध्ये फारसं काही करावं लागत नाही. खरी परीक्षा जूनच्या मध्यात होते, आणि हे पुण्या-मुंबईचे लोक सांगणार नाहीत, कारण त्यांच्याकडे आपल्यासारखा कोरडा मे नसतो.

टाकीवर झाकण न ठेवता पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा सोडला की पाणी उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. दीडशे लिटरच्या टाकीतून एक लिटर पाणी उडालं, तर बाकीच्या पाण्यातून जवळजवळ चार अंशांची उष्णता निघून जाते. अर्थात खोली ती परत भरत राहते, म्हणून पंखा सतत चालू लागतो. पाणी किती खाली उतरू शकेल याची मर्यादा हवेतल्या ओलीवर ठरते. मेअखेरच्या नवतपात 44 अंश तापमान आणि 15 टक्के आर्द्रता असेल तेव्हा ही मर्यादा 23 अंशांच्या आसपास असते. म्हणजे कडक उन्हात, कोरड्या हवेत, पंखा टाकीला 26-27 वर आणून ठेवू शकतो. मृगाच्या पहिल्या सरी पडून गेल्यावर 38 अंश आणि 50 टक्के आर्द्रता झाली की तीच मर्यादा 29 वर चढते. वर पंपांची आणि दिव्याची उष्णता. टाकी 30 च्या पुढे जाते. त्या दिवसांत घरचा कूलर नुसता चिकचिक का करतो, हे नागपूरकराला समजावून सांगायला नको. टाकीवरचा पंखा त्याच कारणाने हरतो.

कोरलच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, त्याच्यावरच त्याचं पोट चालतं. नेहमीच्या तापमानापेक्षा एक-दोन अंश जास्त पाणी काही आठवडे राहिलं की कोरल ते शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. लक्षद्वीपच्या समुद्रात 1998, 2010 आणि 2016 मध्ये हेच झालं. मऊ कोरल थोडे दणकट असतात, तरी 29 च्या वर रोज नेऊ नका.

म्हणून चिलरऐवजी एसी. तुमच्याकडे एका खोलीत एसी असेलच, तर टाकी त्याच खोलीत ठेवा. जूनचे ते दोन-तीन आठवडे एसी 28 वर ठेवला आणि टाकीवर पंखा सोडला की काम भागतं, कारण एसी हवेतली ओलही काढतो. चिलर टाकीतली उष्णता काढून त्याच खोलीत फेकतो. वरच्या मजल्यावर स्लॅब तापलेला असताना बंद खोलीत चिलर चालवणं मला तरी पटत नाही. शिवाय दोनशे वॉटचं कुठलंही यंत्र चोवीस तास चाललं तर महिन्याला 144 युनिट होतात. दिवा मात्र मार्च ते जून संध्याकाळी पाचनंतर लावा आणि रात्री बाराला बंद करा. कोरलला घड्याळ कळत नाही, रोज सात-आठ तास ठरलेला उजेड मिळाला की झालं. हिवाळ्याचं विसरू नका. डिसेंबरात रात्री पारा दहाच्या खाली उतरतो तेव्हा हीटर लागतोच.

पंख्याची किंमत पाण्याने चुकवावी लागते. उन्हाळ्यात दिवसाला चार-पाच लिटर सहज उडतात. पाणी उडतं, मीठ मागे राहतं. दीडशे लिटरमधून पाच लिटर गेले की 35 ची क्षारता (किलोभर पाण्यात 35 ग्रॅम मीठ) एका दिवसात 36 च्या वर पोचते. भर घालायची ती साध्या, क्षारमुक्त पाण्याची, खाऱ्या पाण्याची नाही. नवीन लोकांचा इथेच घोटाळा होतो. हाताने रोज दोनदा घालता येतं, पण फ्लोट सेन्सरवर चालणारा छोटा पंप घेतलात तर लग्नाकार्याला गावी जाता येईल. ज्या एका वस्तूवर मी हात आखडणार नाही ती ही.

हे क्षारमुक्त पाणी म्हणजे स्वयंपाकघरातल्या आरओचं नव्हे. बरेच घरगुती आरओ चवीसाठी क्षार मुद्दाम परत मिसळतात. पेंच-कन्हानचं नळाचं पाणी असो की बोअरचं, आरओनंतर उरलेले क्षार शोषणाऱ्या डीआय रेझिनचं भांडं जोडा आणि टीडीएस मीटरवर शून्य येईस्तोवर थांबा. बोअरचं पाणी असेल तर रेझिन लवकर संपतं. आणि मालवणचं पाणी? किनाऱ्याजवळचं पाणी गढूळ, पावसाने पातळ झालेलं असतं, आणि दर आठवड्याला मालवण कोण गाठणार? पिशवीतलं रीफ सॉल्ट, म्हणजे कोरलच्या टाकीसाठीचं तयार मीठ, घ्या. खडेमीठ नको, त्यात जवळजवळ नुसतं सोडियम क्लोराइड असतं. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे 400 मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम आणि 1300 च्या आसपास मॅग्नेशियम असतं. दीडशे लिटरला साडेपाच किलोच्या जवळपास मीठ लागेल, नंतर आठवड्याला पंधरा लिटर पाणी बदलायला अर्धा-पाऊण किलो. क्षारता मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्या, तरंगणारा काचेचा हायड्रोमीटर नको. मऊ कोरलच्या टाकीत एवढ्या पाणीबदलावर भागतं, कॅल्शियमचे डोस वगैरेच्या मागे लागायची गरज नाही. क्षारीयता (आम्ल पचवायची पाण्याची ताकद, क्षारता नव्हे) 8-9 डीकेएच, नायट्रेट लिटरमागे 5-10 मिलिग्रॅम, झालं.

टाकीचं वजन विचारात घ्या. तीन बाय दीड बाय दीड फूट म्हणजे काठोकाठ 190 लिटर. दगड, काच, स्टँड धरून अडीचशे किलोच्या वर. बीमजवळच्या भिंतीला लावा, गॅलरीत नको. पश्चिमेची भिंतही नको, ती रात्री दहापर्यंत तापलेली असते.

लाइन गेली तर काय, हे तुम्ही विचारलं नाही, पण उन्हाळी वादळात ती जातेच. अशा वेळी तापमानाआधी प्राणवायू संपतो, कारण गरम खाऱ्या पाण्यात तो मुळातच कमी विरघळतो. घरच्या इन्व्हर्टरवर दहा वॉटचा वेव्हमेकर, म्हणजे पाणी हलवणारा पंप, तेवढा टाका. दिवा, स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र), हीटर काही नको. पृष्ठभाग हलता राहिला की रात्र निघते.

विषाबद्दल एक गोष्ट. डेंग्यूच्या दिवसांत गल्लीत धुराची गाडी येते, घरात मच्छरांचं लिक्विड लागतं, कूलरच्या पाण्यात कोणी औषध टाकतं. यांतली बरीच औषधं कीटकांसाठी असतात, आणि झिंगे-खेकडे कीटकांचे जवळचे नातलग. गाडीचा आवाज आला की खिडक्या बंद, एअर पंप असेल तर तोही बंद, टाकीवर ओली चादर. टाकी ज्या खोलीत, तिथे लिक्विड लावू नका, मच्छरदाणी लावा. टाकीच्या बादल्या वेगळ्या रंगाच्या घ्या आणि घरातल्या सगळ्यांना सांगा की त्यांत कपडे भिजवायचे नाहीत.

माशांचं सांगायचं तर क्लाउनफिशची जोडी घ्या, टाकीत पैदास केलेली. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने, म्हणजे सीएमएफआरआयने, आपल्याकडे त्यांच्या पैदाशीचं तंत्र बसवलेलं आहे, त्यामुळे समुद्रातून पकडलेले घेण्याचं कारण नाही. त्यांना समुद्रफूल लागतं हा गैरसमज. टाकीत त्याशिवाय मजेत राहतात. निळा टँग तीन फुटांत मावत नाही, तो वाढून फूटभर होतो. मँडरिन दिसतो सुंदर, पण बहुतेक उपाशी मरतो, कारण त्याला दिवसभर टिपायला जिवंत बारीक किडे लागतात. दोन क्लाउन, एक फायरफिश, एक ब्लेनी, काही गोगलगाई. बस.

सुरुवात दिवाळीनंतर करा. मीठ-पाणी-दगड घालून चार-सहा आठवडे माशांना विषारी असलेले अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर यायची वाट बघा. दगडांवर तपकिरी पापुद्रा येईल, मग हिरवं शेवाळ, घाबरून औषध टाकू नका. पहिला मासा संक्रांतीच्या सुमारास, पहिलं मशरूम कोरल होळीपर्यंत. बाकीचे कोरल मात्र पुढचा जून टाकीने कसा काढला ते थर्मामीटरवर बघून मगच.

एसीची खोली कोणती आणि तिची बाहेरची भिंत कुठल्या दिशेला आहे, ते खाली लिहा. त्यावरून पंखा एक लागेल की दोन, ते सांगतो.