टीव्ही वायफाय पकडत नाही? आधी एवढंच बघा

भाऊ, लगेच फॅक्टरी रिसेट मारू नका. नवखे पहिली चूक हीच करतात, अन् मग रिमोटने एकेक अक्षर दाबत सगळे पासवर्ड परत टाकत बसतात.

आधी मोबाइलचा हॉटस्पॉट लावून टीव्ही त्याला जोडा. जोडला गेला तर टीव्ही ठणठणीत. गडबड राउटरची किंवा सिग्नलची.

मग हे करा:

- टीव्ही अन् राउटर दोन्हींचे प्लग काढा, मिनिटभर थांबा, आधी राउटर लावा. रिमोटने बंद केलेला टीव्ही खरा बंद नसतो.
- राउटर वायफायची दोन नावं दाखवत असेल, तर ५ गिगाहर्ट्‌झचं सोडून २.४ वर जोडा. भिंतीपलीकडे तेच बरं पोचतं. आमच्या धुळ्याकडच्या जुन्या घरात, हातभर जाडीच्या मातीच्या भिंतीमागे, ५ वालं नाव यादीतसुद्धा येत नाही.
- तारीख-वेळ तपासा. लाइट जाऊन आली की काही टीव्ही जुन्याच सालात जातात. वायफाय जोडलेलं दिसतं, पण ॲप उघडत नाहीत.

टीव्हीत खोचायची स्ट्रीमिंग स्टिक असेल तर तिला टीव्हीच्या यूएसबीवर चालवू नका, सोबतचा ॲडॉप्टरच लावा. मी दोन महिने राउटरला शिव्या घातल्या, दोष निघाला त्या यूएसबीचा!

डीएनएस (नेटची एक आतली सेटिंग) वगैरे सध्या राहू द्या. हॉटस्पॉटवर काय झालं ते सांगा.