स्पेनमधल्या कॅटलोनियाला स्वायत्तता आधीपासूनच होती, मग २०१० मधे एवढं काय बिनसलं?

तुमचे दोन प्रश्न आहेत, स्पेनमधला स्वायत्ततेचा कायदा, ज्याला तिकडे एस्टाटूटो म्हणतात, तो म्हणजे त्या प्रदेशाची वेगळी राज्यघटनाच का, आणि कॅटलोनियाकडे तो होताच तर २०१० पासून एवढा राडा का.

पहिल्याचं उत्तर, नाही. १९७८ च्या घटनेचं कलम २ एकीकडे देश अविभाज्य म्हणतं आणि त्याच वाक्यात 'राष्ट्रीयत्वां'ना आणि प्रदेशांना स्वायत्ततेचा हक्क देतं (हुकूमशहा फ्रँकोला जाऊन तीनच वर्षं झालेली, सैन्य डोळे वटारून बसलेलं, मग सगळ्यांना थोडं थोडं खूश करणारं वाक्य होणारच). पण कुठल्या प्रदेशाकडे नेमके कोणते अधिकार ते घटनेत नाही, ते ज्याच्या त्याच्या एस्टाटूटोत, आणि असे प्रदेश आहेत १७. मसुदा प्रदेशाची संसद करते, मंजुरी माद्रिदची, म्हणजे केंद्राची संसद देते आणि कॅटलोनियासारख्या ठिकाणी वर लोकांचं सार्वमतही लागतं. म्हणजे धड प्रादेशिक कायदा नाही, धड केंद्राचा नाही, दोघांपैकी एकाला एकट्याने तो बदलता येत नाही. आपल्याकडे २०१४ मधे आंध्रच्या विधानसभेने तेलंगणाचं बिल फेटाळलं तरी संसदेने ते पास केलंच, तसं तिथे चालत नाही.

आता दुसरा प्रश्न. सप्टेंबर २००५ मधे कॅटलान संसदेने नवा मसुदा १३५ पैकी १२० मतांनी पास केला, विरोधात फक्त पीपी, म्हणजे तिथला उजवा राष्ट्रीय पक्ष. माद्रिदमधे त्याला बरीच कात्री लागली, आम्ही सुतारासारखा रंधा मारला अशा अर्थाचा टोमणा तर तिथल्या संसदेच्या घटना समितीचे अध्यक्ष आल्फोन्सो गेरा यांनीच मारला, तोही सत्ताधारी समाजवादी पक्षाचा माणूस असून! मग १८ जून २००६ ला सार्वमत झालं, मतदान जेमतेम ४९ टक्के पण त्यातले ७४ टक्के बाजूने, आणि ऑगस्टमधे कायदा लागू. तोपर्यंत पीपी घटना न्यायालयात पोचलेली होती.

कोर्टाने घेतली चार वर्षं. काही न्यायाधीशांची मुदत संपलेली पण नवे नेमायला पक्ष तयार नाहीत, एकाला या खटल्यातून बाजूला केलेलं, एकाचं मधेच निधन झालं, आणि इकडे कायदा आपला चालूच, त्याखाली कारभार चाललाय. २८ जून २०१० ला निकाल आला, १४ कलमं पूर्ण किंवा अंशतः रद्द, आणखी २७ कलमं 'आम्ही सांगतो तो अर्थ घेतला तरच वैध'. प्रस्तावनेत कॅटलोनियाला 'राष्ट्र' म्हटलेलं, त्या शब्दाला कायदेशीर वजन शून्य. १० जुलैला बार्सिलोनात प्रचंड मोर्चा निघाला.

माझं मत विचाराल तर निकालातलं कायद्याचं म्हणणं बऱ्यापैकी टिकतं, एस्टाटूटो घटनेच्या खालीच आहे, त्यामुळे कोर्टाला तो तपासायचा अधिकार होताच. घोळ झाला तो क्रमाचा. आधी संसदेने छाटलं, मग लोकांनी मत दिलं, आणि लोकांनी मत दिल्यावर चार वर्षांनी १२ न्यायाधीशांच्या कोर्टाने (तेव्हा उरले होते १०) पुन्हा छाटलं, त्यामुळे आज कॅटलोनियात जो कायदा लागू आहे त्या स्वरूपात त्याला कोणी कधी मत दिलेलंच नाही. १९८५ पर्यंत असे कायदे लागू व्हायच्या आधीच कोर्टात नेता यायचे, पण विरोधक त्याचा वापर अडवाअडवीसाठी करतात म्हणून ती सोय काढून टाकली होती. एस्टाटूटोंपुरती ती परत आणली २०१५ मधे, बैल गेला आणि झोपा केला.

त्यात अन्दालुसिया या दुसऱ्या प्रदेशाच्या २००७ च्या एस्टाटूटोत कॅटलानसारखीच, काही तर शब्दशः तीच कलमं होती आणि त्याला पीपीने पाठिंबा दिला, म्हणजे कॅटलान माणसाला डोक्यात जायला एवढं पुरे.

मग सरळ घटनाच का नाही बदलली? कारण कलम २ ज्या भागात येतं तो बदलायचा तर दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश, मग संसद बरखास्त, निवडणूक, नव्या संसदेत परत दोन तृतीयांश आणि वर देशभर सार्वमत. कोण करणार? १९७८ पासून घटना बदलली तीनदाच, १९९२, २०११ आणि २०२४, आणि तिन्ही वेळा या भागाला हात न लावता. म्हणून कॅटलान पक्षांनी एस्टाटूटोच्या मागच्या दाराने जेवढं मिळेल तेवढं मिळवायचा प्रयत्न केला आणि ते दार २०१० ला बंद झालं.

राहिला पैसा. बास्क प्रदेश आणि नावारा आपले कर स्वतः गोळा करतात आणि माद्रिदला ठरलेला वाटा देतात, कॅटलोनियाला तसं नाही. २०१२ मधे कॅटलोनियाच्या सरकारचे तेव्हाचे प्रमुख आर्तुर मास तेच मागायला पंतप्रधान राखोय यांच्याकडे गेले आणि रिकाम्या हाताने परत आले, लगेच मुदतपूर्व निवडणूक लावली. पुढचं २०१७ चं स्वातंत्र्याचं सार्वमत, घटनेचं कलम १५५ (केंद्राला प्रदेशाच्या कारभारात हात घालू देणारं) लावून बरखास्त केलेलं कॅटलान सरकार, अटका, हे तुम्ही बातम्यांत पाहिलंच असेल.