दोनदा कोटिंग करूनही भिंतीला ओल? आधी पन्हळीचा मागचा काठ बघा

तुम्ही लिहिलंय की उतरत्या पत्र्याच्या छपराला दोनदा कोटिंग करून घेतलं, तरी पाऊस लागला की वळचणीखालच्या त्याच कोपऱ्यात भिंत ओली होते आणि रंगाचे पोपडे निघतात. वाचून पोटात कालवलं, कारण नेमकं हेच मी दोन पावसाळे भोगलंय. तिसऱ्यांदा कोटिंगवाल्याला बोलावण्याआधी एवढं वाचाच.

पन्हळीतला पालापाचोळा काढत राहावा, हे तुम्हाला ठाऊकच असणार, त्यात शिरत नाही. मला बोलायचंय ते मागच्या काठाबद्दल. पन्हळीचा भिंतीकडचा काठ पुढच्या काठापेक्षा थोडा वर हवा, म्हणजे ती तुंबली तरी जादा पाणी पुढून बाहेर सांडतं. माझ्याकडे सुरुवातीला फक्त उतरत्या पाइपचं तोंड तुंबलं होतं. ते मी छपराचं गळणं समजलो आणि कोटिंग करून घेतलं. काठापर्यंत ब्रश पोचावा म्हणून कामगारांनी पन्हळ सोडवली आणि नंतर परत टांगताना ब्रॅकेट वरखाली लावले. मागचा काठ बोटभर खाली गेला. जमिनीवरून बघितलं तर हे अजिबात कळत नाही. पुढच्या पावसात सगळं जादा पाणी भिंतीवर. ओल वाढली म्हणून मी दुसरं कोटिंग केलं, पण पन्हळीकडे ढुंकून पाहिलं नाही. माझी सगळ्यात महागात पडलेली चूक ती हीच.

शेवटी एका रात्री धो धो पावसात टॉर्च घेऊन वळचणीखाली जाऊन उभा राहिलो. पुढच्या काठावरून थेंब पडत नव्हता, आणि पन्हळीच्या मागून भिंतीवर पाण्याचा पातळ पडदा सरकत होता. पाऊस थांबल्यावर पाइपच्या तोंडात बोटं घातली तर सडलेल्या पानांचा काळा लगदा निघाला, त्यात मुळं धरलेलं एक रोपही होतं. तोवर भिंतीवर टेकलेली चार वाशांची टोकं कुजली होती. स्क्रू ड्रायव्हर टेकवला तर लोण्यासारखा आत जायचा.

तुंबलेलं एक तोंड किती नुकसान करतं, ते हिशोब केल्यावर पटतं. 1 चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर पाणी. 60 चौरस मीटरच्या पाख्यावर तासाला 40 मिलिमीटर पाऊस झाला, तर मिनिटाला 40 लिटर पाणी त्या एका भोकाकडे धावतं.

तेव्हा कोरड्या दिवशी पाइपपासून लांबच्या टोकाला बादलीभर पाणी ओता आणि ते कुठे जातं ते बघा. ढाळ दर 10 फुटांना निदान पाव इंच हवा. पाणी मध्येच थबकलं तर ब्रॅकेट खचलाय. मग मागच्या आणि पुढच्या काठावर आडवी लेव्हल ठेवून बघा. हे दोन्ही ठीक असेल तरच छपराकडे वळा. नळीने पाणी मारायचं ते छपराच्या खालच्या पट्ट्यापासून वर सरकत, एकेका पट्ट्यावर दहा-दहा मिनिटं, आणि घरात कोणीतरी नजर ठेवून हवं. एकदम आढ्यावरून पाणी सोडलंत तर गळती कुठली ते कधीच कळणार नाही. पत्रा जिथे भिंतीला भिडतो तो जोड आणि स्क्रूंचे कडक झालेले रबरी वायसर, माझा पहिला संशय यांच्यावर असतो.

मी इंजिनियर नाही. तुमच्या घराची रचना वेगळी असू शकते, आणि सपाट गच्चीला यातलं बरंचसं लागू होत नाही. पण कारण न शोधता वरून थर चढवणाऱ्यावर माझा आता काडीचा विश्वास नाही. माझ्या कोटिंगवाल्याने मला सांगितलं, गॅरंटी कोटिंगची आहे, ओलीची नाही. विमावाल्यांनीही हात वर केले. त्यांचं म्हणणं, हे देखभालीअभावी हळूहळू झालेलं नुकसान, ते पॉलिसीत बसत नाही. तीन वेळा खेपा घातल्या, दर वेळी नवा कागद मागितला. पन्हळ आधी नीट होती, हे दाखवायला माझ्याकडे एकही जुना फोटो नव्हता. त्यामुळे काम सुरू होण्याआधी आणि संपल्यावर वळचणीचे तारखेसकट फोटो काढून ठेवा, आणि पन्हळ पूर्ववत लावून देण्याचं लेखी घ्या.

जाता जाता, जस्ताच्या पत्र्यावर व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन लावू नका, त्यातलं आम्ल जस्त खातं. न्यूट्रल क्युअर लिहिलेलं मागा. पन्हळीवर जाळी बसवलीत तरी तिच्यावर पानं साचतातच, वर चढणं चुकत नाही. शिडी पन्हळीला टेकवू नका, ओल्या छपरावर पाय ठेवू नका, आणि सिमेंटचे जुने पत्रे असतील तर त्यांच्यावर मुळीच चढू नका, ते पायाखाली फुटतात.

त्या कोपऱ्यातल्या पन्हळीचा एका टोकाकडून, दोन्ही काठ दिसतील असा फोटो टाका. मागचा काठ खाली गेलाय का, ते बघून सांगतो.